प्रभूच्या मेजावरचा तांब्या

मी अर्जुनाच्या ओट्यावरचा तांब्या बोलतोय. गोड बोलणं मला जमत नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर पाणी प्या आणि रस्त्याला लागा.

सांगलीच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. अर्जुनाचा बाप्तिस्मा झाला त्या आठवड्यात त्याने मला पलूसजवळच्या मिशनच्या वस्तीवर आणलं. तोवर त्याच्या घरात नुसती मडकी. त्याची आई पाटलाच्या विहिरीला शिवू शकत नव्हती. ओंजळ धरून उभी राहायची, वरून कुणी पाणी घातलं तर प्यायची. वस्तीला स्वतःची विहीर झाली, अर्जुनाच्या हातात मी आलो, आणि गडी हरखून गेला.

रविवारी उपासनेला पाळकसाहेबांच्या मेजावर पाणी ठेवायचा मान माझा. म्हणून शनिवारी चिंच आणि राख लावून अर्जुना मला असा घासायचा की माझ्या पोटात त्याच्या मिशीचा केस न् केस दिसायचा. कुणाला हात लावू द्यायचा नाही. मलाही ते आवडायचं. घामट बोटांचे डाग मला खपत नसत.

बेचाळीसच्या वैशाखातला रविवार. अर्जुना मला उंच धरून मंडळीपुढे विश्वासाची साक्ष द्यायला उभा राहिला. "ह्या तांब्यात जसं तोंड दिसतं, तसा आपल्या वागण्यात परभू दिसाया पायजे." सगळे "आमेन" म्हणाले. मी तर फुगलोच.

घरी आलो, तर ओट्यावर एक म्हातारी टेकलेली. कपाळभर भंडारा, टाचा फुटलेल्या.

"वळखलंस का रं? मी रंगुबाई. तुज्या आयच्या जोडीची."

"आगं मावशे! एवढ्या उनाची?"

"देवाला गेलते. लय चकाकतुयास की, तुज्या तांब्यावानी! दे हिकडं, घसा वाळला."

तिने हात पुढे केला. अर्जुनाने मला मागे ओढलं.

"ओंजळ धर, मावशे. ह्यो परभूच्या मेजावरचा हाय. राग धरू नगं."

खोटं कशाला बोलू? तिची बोटं भंडाऱ्याने पिवळी झाली होती. त्याने मला मागे घेतलं तेव्हा मला बरंच वाटलं.

तिने ओंजळ धरली. त्याने वरून धार सोडली. ओंजळ भरली, पण म्हातारी प्यायला वाकली नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "पाटलाच्या हिरीवर तुजी आय आन् मी अशाच हुब्या ऱ्हायचो. वरनं घालणारा त्योबी म्हनायचा, राग धरू नगं."

तिने हात सोडले. पाणी मातीत गेलं. काठी उचलून ती चालू लागली.

मग माझ्या पोटात अर्जुनाला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्याने मला पालथं घातलं.

माणसाची ही खोड मी पाहिली आहे. चूक लगेच कळते, पाय मात्र निघत नाही. पेरणी होऊ दे, सुगी होऊ दे, नाताळ होऊ दे. वर्ष गेलं. म्हातारी शिरवळला लेकीकडे राहते असं कळलं, तेव्हा कुठे मला धडप्यात बांधून तो निघाला.

लेक सुलाबाई दारात आली. "आय माघात गेली, दादा."

अर्जुना नाव न सांगताच दारात टेकला. सुलाबाईने पोचे पडलेलं हलक्या जर्मन पत्र्याचं भांडं भरून आणलं. याने खाली मान घालून ओंजळ पुढे केली.

"आवं, आसं काय करताय? धरा, तोंड लावून प्या. आयनं मरताना बजावलंय, दारात आल्याला वरनं पानी घालायचं न्हाई."

त्या भांड्यात कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. अर्जुना प्यायला. हुंदक्याने निम्मं सदऱ्यावर सांडलं. साक्ष म्हणतात ती ही. मेजावर मिरवणारा मी धडप्यात गप्प पडून होतो.

आता सहा वर्षं मी या ओट्यावर भरलेला असतो. मेजावर दुसरा तांब्या गेला. अर्जुना मागच्या रांगेत बसतो, साक्ष द्यायला उठत नाही. धनगर येतात, गाडीवान येतात, तोंड लावून पितात. माझा गळा चेपलाय, अंग काळवंडलंय.

तेव्हा बाबांनो, लाजू नका. बोटं कशीही असोत, धरा मला. पुष्कळ हात लागले. ज्या हाताने पहिल्यांदा मागितलं, तेवढा एक लागायचा राहिला.