सगळ्यात जास्त बदाम मिळालेला फोटो

ॲपवरच्या प्रेमकादंबरीचा नायक नायिकेसाठी रोज एसटी थांब्यावर उभा राहतो. नायिका नाही म्हणते. तो पुन्हा उभा. ती कधी हसणार, याची चाहते वाट पाहतात.

पिपरी मेघेची अपेक्षा या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवते.

रक्षा, समुद्रपूर : ते नाई म्हणून राह्यली नं? मंग हा काऊन उभा? मले तर भेव वाटते.
निकेश, समुद्रपूर : आल्या हेडमास्तरीनबाई!
अपेक्षा : अवं रक्षा, कथा आहे. कथेसारखी वाच नं.

मग अपेक्षानं स्पर्धा काढली. नायकासारखी वाट पाहा, फोटो टाका.

निकेश जिंकला. समुद्रपूरचा थांबा, हातात गुलाब, मागे एक पाठमोरी मुलगी. फोटोखाली लाल बदामांचा पाऊस. त्यातला एक अपेक्षाचा.

ती पाठ रक्षाची होती.

(कथेत इथं वळण येतं. रक्षाच्या आयुष्यात ते रोज सकाळी येत होतं: कॉलेजची एसटी यायची, आणि मागे निकेश उभा.)

रक्षानं ग्रुप सोडला. अपेक्षानं फोन केला, तर रक्षाच्या आईनं, शकुंतलाबाईंनी उचलला.

"कॉलेज बंद केलं तिचं. बाबा म्हनते, पोरगी घरीच बरी."

"पण काकू, तिचा काय दोष?"

"तो पोट्टा थांब्यावर फोटो दाखवे तिले. म्हने, तू हसशीलच, एवढ्या लोकाइनं बदाम देल्ले मले. कादंबरीतला मानूस खोटा असन, बाई. बदाम देनारे तं खरे होते नं?"

खरे होते! अपेक्षानं ग्रुप उघडला.

'रक्षा बरोबर होती. स्पर्धा माझी चूक.' एवढं ग्रुपवर लिहून तिनं निकेशला काढलं. कोणी लिहिलं, 'इतकं काय सिरीयस?' निम्मे जण ग्रुप सोडून गेले.

रविवारी ती समुद्रपूरला गेली. "तक्रार करू. साक्ष मी देतो," ती रक्षाच्या वडिलांना म्हणाली. ते उठून बाहेर गेले.

रक्षा दारापाशी मेथी निवडत होती.

"कादंबरीचा शेवटचा भाग आला काय?"

"आला."

"हसली ते?"

"हो."

रक्षानं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तिले विचारून लिहिलं काय कोनी?"

कथा वाचा, मित्रहो, भांडा तिच्याशी. पण 'नाही' म्हणणारीचा पाठलाग होत असेल, तर तिथं बदाम देऊ नका. तो पाठलाग कादंबरीत राहत नाही. कोणत्या तरी थांब्यावर, एखाद्या मुलीच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो.