एकवीस नावांची भिंत

"पांढरा मारला? सगळ्यावर?" अंबादासने भिंतीला बोट लावलं. बोटाला ओला रंग आला.

"प्रायमर आहे, काका," चित्रकारांच्या गटातली गार्गी हसून म्हणाली. "आता बघा, काय झकास चित्र होतं ते! 'आपण कुठून आलो?' हाच विषय आहे."

अंबादासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विक्रोळीच्या या गल्लीत कोण कुठून आलं ते याच भिंतीवर लिहिलेलं होतं, आणि त्यानेच लिहिलेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी इथे ना खोल्यांना नंबर, ना गल्लीला नाव. गावाकडून पत्रं यायची आणि पोस्टमन वैतागून परत न्यायचा. तेव्हा गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्या विशीतल्या अंबादासने गल्लीच्या तोंडाशी काळ्या रंगात एकवीस ओळी लिहिल्या. माणसाचं नाव, त्याचं गाव, डावीकडून कितवी खोली. पुढे नंबर आले, पत्रं थांबली, कोणी वारलं, कोणी बदलापूरला गेलं. ओळी मात्र राहिल्या. भिंत समोर असताना नावं पाठ कोण करतो?

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला, ती अक्षरं ठेवा म्हणून?"

"कमिटीने परवानगी दिली, काका. राजेशदादांनी सही केली."

कमिटीचा सेक्रेटरी राजेश बाजूलाच चहा पीत उभा होता. "अहो काका, अर्धं उडालंच होतं ना ते! आता पेपरात फोटो येईल आपल्या गल्लीचा."

"पाचवं नाव तुझ्या आज्याचं होतं," अंबादास म्हणाला.

राजेशचा कप तोंडाशीच राहिला.

गार्गी ओशाळली. मग एकदम तिला आठवलं. "थांबा, फोटो काढलाय मी!" तिने मोबाइल पुढे केला. फोटोत भिंतीच्या मधोमध तिचा मित्र अनय अंगठा दाखवत हसत होता. वरची आठ नावं नीट दिसत होती, खालची नऊही. मधली चार अनयच्या मागे गेली होती.

"ह्यांना जरा बाजूला सरकवता येत नाही का?" अंबादासने विचारलं. गार्गीने नकारार्थी मान हलवली.

त्याने डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. नववा जिंतूरचा, मिशीवाला. दहाव्याला जुळ्या मुली. चेहरे आले, नावं काही येईनात. विचारायचं तरी कोणाला? त्या वेळचा आता तो एकटाच उरला होता. पोरांवर चिडावं की स्वतःवर, हे त्याला कळेना, आणि त्यानेच तो जास्त चिडला.

पुढच्या रविवारी चित्र पुरं झालं. मोठा वड, त्याखाली डोक्यावर बोचकं घेतलेली बाई. खालचा कोपरा गार्गीने अंबादाससाठी मोकळा ठेवला होता. तो घरून आपला जुना, पातळ ब्रश घेऊन आला. गार्गीचा मोबाइल शेजारी ठेवून त्याने आठ नावं लिहिली. मग वितीने मोजून चार ओळींची जागा सोडली.

"काका, मधे रिकामं दिसतंय," गार्गी म्हणाली. "छोटीशी वेल काढू का तिथे?"

"हात लावू नका तिथं," अंबादास म्हणाला. "माणसं राहतात तिथं."

आणि तेरावं नाव लिहायला त्याने ब्रश रंगात बुडवला.