डावीकडचा कान

बाबांनी मडक्यावर बोटाच्या पेराने टक् केलं आणि ते डावीकडे, हवेत धरलं.

"काका, तिकडे कोण आहे?" कुंभारीणबाईंनी हसत विचारलं.

बाबा दचकले. "कोणी नाही हो. सवय."

डावीकडे आई उभी असायची.

बाबा नाटकांचे पडदे रंगवायचे. आई रेडिओच्या नाटकांतले आवाज काढायची. बोलण्याचे नव्हेत, पावलं, वादळ, भांडणानंतर आपटलेलं दार. तिने सुपात वाळू फिरवली की स्टुडिओत समुद्र यायचा. पुढे पडद्यांचं काम दिव्यांनी घेतलं, आवाजही तयार मिळू लागले, आणि दोघं एकदमच रिकामे झाले. तेव्हापासून ही मडकी घरात येऊ लागली. गावोगावची, पाण्याची, धान्याची, कोणाच्या तरी हाताने रोजच्या वापरासाठी घडवलेली. नियम एकच. बाबांनी बघायचं, आईने ऐकायचं. दोघांचं जमलं तरच घ्यायचं.

"नाकीडोळी नीटस आहे," बाबा म्हणायचे.

"घशात खरखर आहे. ठेवा खाली," आई म्हणायची.

माझ्या नवऱ्याचीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती त्यांनी.

आई गेल्यावर बाबांनी एकही मडकं घेतलं नव्हतं. बाळाला घेऊन मी चार दिवस राहायला आले होते, तर आज सकाळी आपणहून म्हणाले, "चल, बघून तरी येऊ." मला केवढं हायसं वाटलं.

आणि आता हे मडकं. उंच मान, खांद्यावर बोटाने ओढलेली एकच नागमोडी रेघ. देखणं होतं. पण वाजलं बद्द. मी आईचीच मुलगी, कुठेतरी तडा आहे हे मला कळलं. "बाबा, हे..." म्हणेपर्यंत कडेवरच्या बाळाने भोकाड पसरलं. त्याला उगी करून वळते तो बाबा पैसे देऊन मोकळे. मडकं छातीशी धरलेलं आणि चेहरा असा खुललेला, की मी पुढचं बोलणं गिळलं.

संध्याकाळी मी निघायच्या तयारीत होते. नवं मडकं आल्या दिवशीच पाण्याने भरायचं, हा आईचा शिरस्ता. बाबांनी ते तिवईवर ठेवून भरलं. थोड्या वेळाने खाली फरशी ओली दिसली.

"फसलो गं," बाबा म्हणाले. "तुझी आई असती तर बोलणी खाल्ली असती."

"बदलून आणू का? बाई नाही म्हणणार नाहीत."

"थांब जरा."

त्यांनी खाली स्टीलची वाटी सरकवली. टिण्. बाबांनी तोंड वाकडं केलं. "थेंब फार टणक पडतोय. तिला चाललं नसतं." मग पितळेची ठेवून पाहिली. शेवटी शेल्फवरचा मातीचा वाडगा काढला. लहानपणी मला ज्याला हात लावायची बंदी होती, तो.

टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा, टप्.

"हां. असू दे असंच," बाबा म्हणाले. "घरात कोणीतरी वावरतंय असं वाटतं."

मी बाळाच्या पिशवीचा बंद उगाचच सोडून पुन्हा बांधला. "बाबा, आमच्याकडेच चला ना राहायला."

"आणि ह्याच्यात पाणी कोण घालणार?"

मी घरी परतल्यावर मग रोजचा फोन. खांद्याने फोन दाबून धरून मी बाळाला भरवायची, आणि बाबांच्या बोलण्यामागे ते टप् टप् चालू असायचं. "नातवाला ऐकव," म्हणून ते फोन वाडग्यापाशी धरायचे. बाळ घास तोंडात ठेवून थबकायचं.

एका दुपारी मागे काहीच वाजेना.

"बुजला गं तडा," बाबा म्हणाले. "मातीच ती. गाळ बसत बसत बुजवून टाकते."

"बरं झालं की."

"हो, बरंच झालं. सुधारलं मडकं. आता रितं करून शेल्फवर ठेवतो."

"बाबा, एकदा वाजवून दाखवा ना."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आला. मग टक्. अजूनही बद्दच.

त्यानंतर कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मडकं त्यांनी डावीकडे धरलेलं असणार.

बाळाने माझी बाही ओढली. मी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं आणि फोन तसाच कानाशी धरून राहिले.