हत्यारांच्या पिशवीत खारूचे कपडे

साहेब, तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत.

तुमच्या टेबलासमोर एक आई उभी होती, एक बाप उभा होता, आणि दोघांच्या मधे स्टुलावर एक मुलगी पाय हलवत बसली होती. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ती पडली, म्हणून तिला आणलं होतं. तुम्ही तिच्या छातीला नळी लावलीत. ऐकलंत. पुन्हा ऐकलंत. मग डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिलात. तेवढ्यातच त्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही कागदावर काहीतरी खरडलंत आणि म्हणालात, "मुलांच्या हृदयाच्या हॉस्पिटलात दाखवा. इथे नाही होणार. पुढचा कोण आहे?"

झालं. 'पुढचा कोण' हे विचारायला तुम्हाला सवड होती. 'घाबरू नका' किंवा 'घाबरण्यासारखं आहे', यातलं एक काहीतरी सांगायला नव्हती. मी तिथेच होते, बापाच्या खांद्यावर. मी सगळं ऐकलंय.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, ही कोण एवढ्या फणकाऱ्याने बोलणारी? सांगते. तुमच्या पुस्तकातल्या त्या गोडगोड बोलणाऱ्या छत्रीसारखी किंवा शहाण्या पेन्सिलीसारखी मी नाही. मी कॅनव्हासची पिशवी आहे, हत्यारांची. माझ्या अंगाला ग्रीसचा वास येतो आणि माझा तळ दोनदा फाटून शिवलेला आहे.

एका तंबूच्या उरलेल्या कापडातून माझा जन्म झाला. तंबू शिवणाऱ्या म्हाताऱ्याने मला दुहेरी टाका घातला, चामड्याचा पट्टा लावला आणि हिसडा देऊन बघितला. "जा," म्हणाला, "आता तुझ्यात दगड भरले तरी तू फाटायची नाहीस." मला विकत घेतलं ते एका लिफ्टच्या मिस्त्रीने. तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. माझ्या पोटात पाने, पकड, टेस्टर, टॉर्च आणि ग्रीसचा डबा आला आणि आम्ही दोघं इमारतींमधून हिंडू लागलो. मी उंच गच्चीवरच्या मोटारीच्या खोल्या पाहिल्या, लिफ्टखालचे ओले खड्डे पाहिले. मधे काही वर्षं कंपनीने त्याला चाकांची लाल पेटी दिली. तेव्हा मी माळ्यावर झुरळांना बाळंतपणासाठी उपयोगी पडले. पेटी एके दिवशी जिन्यावरून गडगडत गेली आणि तिची चाकं चार दिशांना पळाली. मिस्त्रीचा जोडीदार लंबू म्हणाला, "काढ ती जुनी खाली. बिचारी दिसायला भिकारीण आहे, पण पायऱ्या तरी मोजत नाही." मी कौतुक समजले आणि कामाला लागले.

या लंबूबद्दल सांगायलाच हवं. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, तोंड अखंड चालू. लिफ्टच्या कामात एक माणूस वर मोटारीपाशी असतो आणि एक खाली खड्ड्यात. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून या दोघांचा एक शिरस्ता होता. जे करणार ते आधी मोठ्याने सांगायचं. समोरच्याने ते परत म्हणायचं. मगच हात लावायचा.

"वीज बंद करतोय!"

"वीज बंद करतोयस!"

"खड्ड्यात उतरतोय!"

"उतरतोयस! सावकाश, वजन वाढलंय तुझं!"

एकदा खारू, म्हणजे मिस्त्रीची मुलगी, स्टुलावर पाय हलवत बसलेली तीच, सुट्टीत त्यांच्याबरोबर आली होती. झाडावर, खिडकीवर, बापाच्या डोक्यावर, जिथे तिथे चढायची, म्हणून खारू. दिवसभर त्या दोघांचं ओरडणं ऐकून तिने विचारलं, "लंबूकाका, तुम्ही सगळं दोनदा का बोलता? बहिरे आहात?" लंबू म्हणाला, "अगं, जो अंधारात असतो ना, त्याला सगळं आधी सांगायचं. आम्ही तोंडाला कुलूप लावलं तर लिफ्ट सुधारत नाही, माणूस मात्र चेपतो."

खारू त्या दिवशी घरी जाऊन "जेवायला बसतेय!" असं ओरडली आणि कुणी ते परत म्हणेपर्यंत घासाला शिवली नाही.

आता बघा, मित्रांनो. सगळं आधी मोठ्याने सांगणारा असा हा मिस्त्री. पण तो डॉक्टरांचा कागद हातात घेऊन घरी आला आणि त्याच्या तोंडाला कुलूप बसलं.

त्याची थोरली बहीण मुक्कामाला आली. खारूची आत्या. मायेची होती, पण हुकमी आवाजाची. चपला काढता काढता तिने सांगितलं, "पोरीला अवाक्षर कळता कामा नये. हाय खाईल ती. आणि तू असा पडेल चेहरा करून हिंडू नकोस रे, मांजरासारखा." मग त्या घरात कुजबूज सुरू झाली. स्वयंपाकघरात कुजबूज, दाराआड कुजबूज, नळ सोडून त्याच्या आवाजात कुजबूज. खारू खोलीत आली की तिघंही एकदम गप्प, आणि मग आत्या म्हणायची, "हो ना, पडदे धुवायलाच झालेत." सकाळी पडदे, दुपारी पडदे, संध्याकाळी पडदे. शेवटी खारूने विचारलं, "आत्या, पडदे खूप आजारी आहेत का?"

आई उठून मोरीत गेली आणि तिने पुन्हा नळ सोडला.

मी खुंटीवरून बघत होते. दुपारी खारू झोपली की बाप तिच्या शेजारी बसायचा आणि तिच्या फ्रॉकची वरखाली होणारी घडी बघत राहायचा. घडी क्षणभर थांबल्यासारखी वाटली की हा स्वतःचा श्वास रोखायचा. त्याचे हात थंडगार पडायचे. मला माहीत आहे, कारण नंतर उगाचच चाळा म्हणून तो माझा पट्टा चाचपायचा. तारेच्या दोरावर लटकताना ज्याचे हात थरथरले नाहीत, त्या माणसाला माझं बक्कल लावता येईना.

मोठ्या हॉस्पिटलात जायला निघण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या बॅगेची चेन तुटली. आईने माझ्या पोटातली हत्यारं वर्तमानपत्रावर ओतली, मला साबणाने घासघासून धुतलं आणि दोरीवर उलटं टांगलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ऊन पोटाच्या आतून खाल्लं. मग तिने माझ्यात खारूचे कपडे भरले. दोन फ्रॉक, स्वेटर, मोजे, दात घासायचा ब्रश. मोठ्यांचे कपडे लागलेच तर आत्या मागाहून आणणार होती. मोठ्यांच्या डोक्यात सगळं नीट होतं. पण ते डोक्यातच होतं.

सगळे पडद्यांबद्दल बोलत असताना खारू माझ्याजवळ आली. तिने एकेक कपडा बाहेर काढला. तळापर्यंत हात घालून चाचपलं. आईची साडी नाही, बाबांचा शर्ट नाही, एक रुमालही नाही. तिने सगळं पुन्हा जसंच्या तसं घडी घालून ठेवलं आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून हळूच विचारलं, "म्हणजे मी एकटीच?"

मित्रांनो, माझ्या दुहेरी शिवणीचा मला त्या क्षणी राग आला. एखादी तरी शिवण उसवून ओरडता आलं असतं तर!

ते हॉस्पिटल फार मोठं होतं. जमिनीवर रंगीत पट्टे, त्यावरून चालणारी माणसं, आणि कुणाचाही आवाज चढलेला नाही. तीच भीती वाटण्यासारखी गोष्ट होती. एवढी मुलं असून कुणी भांडत नव्हतं. खारू लिफ्टपाशी थांबलीच नाही. "मी जिन्याने येते," म्हणाली, आणि कुणी धरायच्या आत पळत सुटली. बाप मला घेऊन मागे धावला. मधल्या वळणावर ती वाकून बसली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. बुटाची नाडी बांधतेय."

तिच्या बुटांना नाड्या नव्हत्याच. चिकटपट्टीचे बूट होते ते. तिचे ओठ जांभळट झाले होते आणि गळ्याजवळची शीर थडथड उडत होती. बापाने ते बघितलं. त्याने माझा पट्टा करकचून आवळला. तरी तो बोलला काय? "चल, उशीर होतोय."

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी खारूला विचारलं, "बाळा, खेळताना धाप लागते?"

"नाही."

"चक्कर येते? डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाही. मी जिन्याने आले पळत. मी एकदम बरी आहे. मला घरी जायचंय."

"अगं, खोटं काय बोलतेस!" आईचा आवाज फाटला. "डॉक्टर, शाळेत पडली ही!"

"तुम्ही स्वतः पाहिलंत पडताना?"

"नाही, पण..."

"मुलगी तर नाही म्हणतेय. बरं, आपण हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ. त्या आतल्या खोलीत चला."

आतल्या खोलीचं दार उघडलं. आत अंधार होता, यंत्राचा पडदा नीट दिसावा म्हणून केलेला. पण हे खारूला कोण सांगणार? तिने मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि जमिनीवर बसकण मारली. तिची नखं माझ्या कापडात रुतली.

"मला इथे ठेवू नका ना! मी पळणार नाही, चढणार नाही, काहीच करणार नाही. पिशवीत फक्त माझेच कपडे आहेत. मी बघितलंय सगळं. तुम्ही मला ठेवून जाणार आहात!"

आईने वळून माझ्याकडे बघितलं. मिस्त्री दारात तसाच उभा राहिला. एकदा त्या काळोख्या चौकटीकडे बघितलं, एकदा पोरीकडे. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"खारू," तो म्हणाला. "चुकलं आमचं. तुला ठेवून कुणी कुठे जात नाही. पण आत काय आहे ते मलाही माहीत नाही. थांब, विचारतो." आणि त्याने आत यंत्रापाशी जाऊन बसलेल्या त्याच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, आत तुम्ही काय काय करणार? ओळीने सांगा."

बाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, "अहो, काही नाही. फ्रॉक वर करायचा, छातीवर थंड जेल लावायचं, हे गुळगुळीत यंत्र फिरवायचं. सुई नाही, दुखत नाही. आई जवळ बसू शकते."

मिस्त्रीने मान डोलावली आणि लिफ्टच्या खड्ड्यात ओरडावं तसा ओरडला, "मी आधी आत जातोय!"

बाहेर रांगेतली माणसं चमकली. खारूने नाक ओढलं.

"...आत जातोयस."

"आई तुझा हात धरतेय!"

"धरतेय."

"छातीला थंड लागणार आहे!"

"किती थंड?"

"बर्फाएवढं नाही!"

"बर्फाएवढं नाही," म्हणत ती उठली. मला मात्र तिने सोडलं नाही. पलंगावर चढताना बाप तिच्या कानाशी म्हणाला, "आता तुझी पाळी. तुला आत काय होतं ते फक्त तुलाच दिसतं. आम्ही अंधारात आहोत. तू सांगितलं नाहीस तर आम्हाला काही करताच येणार नाही."

खारूने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग छताकडे. "जिन्यावर मला काहीच दिसेना झालं होतं," ती म्हणाली. "शाळेत पण तसंच झालं. आणि घरी पण होतं. मी खाली बसते मग. कुणाला सांगत नाही."

"किती दिवसांपासून, बाळा?"

"खूप."

आईचा हात घट्ट मिटला. बाईंनी यंत्र फिरवायला सुरुवात केली. काळ्या पडद्यावर काहीतरी राखाडी उघडत होतं, मिटत होतं. सारखं, न थकता. मी इतकी वर्षं मोटारी बघितल्या, पण एवढीशी मोटार कधी बघितली नव्हती. तिचा आवाजही आला. भस्, भस्, आणि मधेच एक शिट्टीसारखा सूर. एका जागी बाईंचा हात थांबला. त्यांनी दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं पडद्यापाशी वाकले आणि हलक्या आवाजात बोलू लागले. त्यातला एक शब्दही इकडे पोचला नाही. मग मोठे डॉक्टर म्हणाले, "बाहेर बसा. कळवतो."

आम्ही बाहेर बसलो. खारूचं डोकं माझ्यावर, तिचे पाय आईच्या मांडीवर.

"बाहेर बसतोय," बाप म्हणाला.

"बसतोयस," खारू म्हणाली. "मग?"

मिस्त्रीकडे सांगायला काही नव्हतं, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पोर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी बोध करायचा असतो. मी म्हणायला हवं की जुन्या वस्तू जपा, त्यांना उन्हात वाळवा. जपा, नका जपू. मी टिकाऊ आहे. जपायचंच असेल तर त्या माणसाला जपा, ज्याला कुणीच काही सांगत नाही. तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि सगळे पडद्यांबद्दल बोलू लागले, तर गप्प बसू नका. विचारा. आणि तुम्हाला काही होत असेल, तर लपवू नका. सांगा. भीती त्याने जात नाही. माझी गेलेली नाही, या घडीला माझा प्रत्येक टाका ताणलेला आहे. पण ती एकट्याने उचलावी लागत नाही.

आणि साहेब, आता तुमच्याशी. पहिल्या दवाखान्यातल्या, या हॉस्पिटलातल्या, दाराच्या आतल्या सगळ्यांशी.

मिस्त्री उठलाय. आयुष्यभर ज्याने डॉक्टरांसमोर 'बरं' आणि 'हो' याखेरीज शब्द काढला नाही, तो तुमच्या दारावर ठोठावतोय. दार त्याने उघडलंय. त्याच्या मागे, आईचा हात धरून, खारू येऊन उभी राहिलीय, आणि मी तिच्या खांद्यावर आहे, जमिनीला घासत. नुसतं 'कळवतो' आता चालायचं नाही. तिच्या हृदयात काय बिघडलंय? ते दुरुस्त होतं का? उद्या तुम्ही काय करणार, आणि ते करताना तिची आई तिच्याजवळ असेल की नाही?

ती तिघं हलणार नाहीत. बोला.