पहिल्या फेरीतलं दार

रुचिरा घाडीने सर्व्हरच्या खोलीचं दार ओढून आतून कडी लावली, तरी सोनूबाईंचा आवाज आत येतच राहिला.

"मी मेली नाय अजून. जिती हाय. माझं घर कुठं गेलं ते सांगा मला!"

रिसेप्शनवरची मुलगी हळू आवाजात काहीतरी समजावत होती. मग काउंटरवर फाइल आपटल्याचा आवाज आला. रुचिराने एसीचा पंखा वाढवला, म्हणजे त्याच्या घरघरीत बाकीचं बुडून जाईल, आणि ती स्क्रीनसमोर बसली.

सोनूबाई येऊन बसायच्या, हा सलग तिसरा शनिवार. घाटकोपरच्या या ऑफिसातून डोंगरावरच्या वस्त्यांची मोजणी चाले. कुठल्या घरात कोण राहतं, कधीपासून राहतं, कागद काय आहेत. पुनर्विकासात नवी खोली कुणाला मिळायची, हे या नोंदींवर ठरायचं. पायरीवाडीची पात्र यादी परवा, सोमवारी, सरकारी कचेरीत जाणार होती. त्या यादीत सोनूबाईंचं घर, क्रमांक ११४७, नव्हतं. वस्तीत दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि दोन्ही फेऱ्यांत ११४७ पुढे 'बंद' अशी नोंद होती. दोनदा बंद म्हणजे घरात कुणी राहत नाही, म्हणजे अपात्र.

रुचिराचा याच्याशी संबंध नव्हता. तिचं काम मशीनचं. आज बॅकअप सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर नव्या व्हर्जनवर न्यायचं होतं. जुन्याला कंपनीने सपोर्ट देणं थांबवलं होतं आणि नवं मुळापासून वेगळं होतं. एकदा पुढे गेलं की मागे येता येणार नव्हतं. सुबोध सरांनी दुपारी चारची वेळ दिली होती.

चढवण्याआधी सॉफ्टवेअर स्वतःच सगळं चाचपून बघतं. हिरव्या खुणा एकेक करून उमटत गेल्या. एकतिसाव्या ओळीवर लाल खूण येऊन थांबली. एक जुनी बॅकअप साखळी नव्या व्हर्जनला वाचता येणार नाही, ती काढून टाका आणि पुढे जा, अशी सूचना होती. साखळीचं नाव होतं, 'पायरीवाडी, पहिली फेरी, २०१६'.

ती उठून सुबोध तावडेंच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"सर, पहिल्या फेरीचे फोटो आणि फॉर्म फक्त बॅकअपमध्ये आहेत. मुख्य सर्व्हर बदलला तेव्हा जागा नव्हती म्हणून तिथून काढले होते आपण."

"मग?"

"नवं व्हर्जन ते वाचणार नाही. आज अपग्रेड केलं की गेले."

"जाऊ देत ना. नोंदींचा तक्ता आहे आपल्याकडे."

"तक्ता आहे. मूळ कागद नाहीत."

"नऊ वर्षांत कुणी मागितले? तू मला प्रॉब्लेम आणून देऊ नकोस, रुचिरा. मला चार वाजता 'झालं' एवढंच ऐकायचंय. सोमवारी ऑडिटवाले आधी जुन्या व्हर्जनवरच बोट ठेवणार आहेत. उडव ते."

"लेखी द्याल?"

आता त्यांनी मान वर केली.

"तू मला लेखी मागतेस?"

"विचारलं फक्त."

"दार लावून जा."

बाहेरच्या बाकावरून सोनूबाई उठल्याच. साठीच्या आसपासच्या, काटक, नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांनी रुचिराची वाट अडवली.

"ए बाई, तू रोज आत जातीस. तुला ठावं असंल. कंच्या मशीनीत घातलंय माझं घर?"

"मावशी, मी यादीचं काम बघत नाही."

"मग काय बघतीस?"

"तुम्ही अर्ज दिलाय ना? उत्तर येईल."

"सोमवारी यादी गेल्यावर उत्तराची काय पूजा करू? पयल्या टायमाला पोरगा आलता मोजायला. मी दारात हुबी होते. फोटू काढला त्यानं माझा. दुसऱ्या टायमाला आमचे हास्पिटलात होते, मी त्यांच्यापाशी होते, तवा कुलूप व्हतं, ते मी नाय म्हणत नाय. पर पयल्या टायमाला दार उघडं होतं."

"सगळेच म्हणतात फोटो काढला म्हणून," रुचिरा म्हणाली. "घर दुसऱ्याला भाड्याने द्यायचं, आपण गावाला जायचं, आणि यादी लागली की इथे येऊन बोंबलायचं."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, हे जरा जास्त झालं. पण सोनूबाईंनी तिच्याकडे अशा जळजळीत नजरेने पाहिलं की तिने शब्द मागे घेतले नाहीत.

"तुझ्या तोंडाला काय कुणी कुलूप लावलं नाय," सोनूबाई म्हणाल्या आणि परत बाकावर जाऊन बसल्या.

खोलीत येऊन रुचिराने पुन्हा कडी लावली. लाल ओळ तशीच होती. 'काढून टाका'वर तिने बाण नेला आणि तिथेच धरून ठेवला. मग तिला वाटलं, त्या बाईला एकदा दाखवूनच द्यावं. पहिल्या फेरीत दर घराचा फोटो काढलेला आहे, तसा ११४७चाही असणार. कुलपाचा. तो छापून तिच्या फाइलवर ठेवला की हा शनिवारचा तमाशा तरी संपेल.

तिने साखळीतला ११४७च्या गल्लीचा एकच फोल्डर निवडला आणि रिस्टोअर सुरू केलं. जुनी साखळी, प्रत्येक दिवसाचा तुकडा आदल्या दिवसाच्या तुकड्यावर टेकलेला. मशीन एकेक तुकडा उचकत मागे मागे जात होतं. बारा टक्के. एकोणीस टक्के. सुबोध सरांचा फोन आला.

"सुरू केलंस?"

"तपासणी चाललीय."

"अजून?"

त्यांनी फोन ठेवला.

चाळीस मिनिटांनी फोल्डर उघडला. ११४७मध्ये तीन फाइली होत्या. पहिली फाइल विजेच्या बिलाची. दुसरी फोटोची.

दार उघडं होतं. सताड. उंबऱ्यात सोनूबाई उभ्या होत्या, नऊ वर्षांनी तरुण, ओला हात पदराला पुसता पुसता कॅमेऱ्याकडे बघत. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली पितळी डब्यांची रांग. आत खाटेवर एक माणूस बसला होता. त्याचा गुडघा आणि अर्धा खांदा एवढंच फोटोत आलं होतं.

रुचिराने तिसरी फाइल उघडली. वस्तीत भरलेला फॉर्म. मोजणी करणाऱ्याने 'घर उघडे' या चौकोनात ठळक खूण केली होती. खाली कोपऱ्यात, नोंद संगणकात चढवणाऱ्याची सही होती. निळ्या शाईत, दोन अक्षरं एकमेकांत अडकवून काढलेली. 'रुघा'.

तिने ती सही मोठी करून पाहिली.

२०१६मध्ये ती मशीनवाली नव्हती. नाहूरहून रोज येऊन फॉर्म चढवायची, दिवसाला तीनशे. उघड्याला एक, बंदला दोन. संध्याकाळपर्यंत आकडे डोळ्यांपुढे नाचायचे. तिने शेजारचा ११४६ उघडला. त्या फोटोत दाराला कुलूप होतं. तक्त्यात ११४६ पुढे एक होता आणि ११४७ पुढे दोन. दोन आकडे, एकमेकांच्या जागी बसलेले. ११४६ला त्याने काही फरक पडला नव्हता, दुसऱ्या फेरीत ते घर उघडं सापडलं होतं. फरक पडला होता तो एकाच घराला.

दारावर थाप पडली. तिने कडी काढली. सुबोध सर आत आले आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. फोटो, फॉर्म, तक्ता. ते हुशार होते, त्यांना विचारावं लागलं नाही.

"'रुघा' म्हणजे तूच ना?"

"हो."

"झकास." ते सरळ उभे राहिले. "आता ऐक. यादीत दुरुस्ती करायची तर कारण लिहावं लागतं. चूक कुणाची, ते नावासकट. मग कचेरी विचारणार, या बाईने अजून किती ठिकाणी माती खाल्लीय? मग पूर्ण यादी थांबणार. दोन हजार घरं अडकणार, आणि तुझी नोकरी राहणार नाही. माझंही काय होईल सांगता येत नाही. आणि हे सगळं कशासाठी? आज चार वाजल्यानंतर हा फोटो जगात कुठेच नसणार."

"बाहेर बसल्यात त्या."

"तीन आठवडे बसल्यात. अजून बसतील. मी तुला काही सांगितलेलं नाही, तू मला काही दाखवलेलं नाही. लाल ओळ काढ आणि पुढे जा. मशीनच सांगतंय ना तसं?"

ते गेले. जाताना त्यांनी दार हळूच ओढून घेतलं, जणू आत कुणी झोपलं होतं.

रुचिराने बाण पुन्हा 'काढून टाका'वर नेला. मशीन खरंच तसंच सांगत होतं. तिला काही खोटं करावं लागणार नव्हतं, काही फाडावं लागणार नव्हतं. तिने हात मांडीवर घेतला.

थोड्या वेळाने प्रिंटरचा आवाज झाला.

ती बाहेर आली तेव्हा सोनूबाई डब्यातली भाकरी मोडून खात होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि घास चावत राहिल्या. रुचिराने फोटोचा कागद त्यांच्यापुढे धरला.

सोनूबाईंनी हात पुसले. कागद घेऊन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. त्यांचं बोट दारावरून फिरलं, उंबऱ्यावरून फिरलं, आणि आतल्या खाटेपाशी जाऊन थांबलं.

"हे आमचे," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखायचा, म्हणून असे बसायचे."

बोट पुन्हा दारापाशी आलं.

"दार उघडं हाय."

"हो."

"मग बंद कुणी लिवलं?"

रिसेप्शनवरच्या मुलीने मान वर केली. केबिनच्या काचेमागे सुबोध सर फोनवर बोलत होते.

"मी लिहिलं," रुचिरा म्हणाली. "त्या वेळी मी आकडे चढवायचे. चुकून शेजारच्या घराचा तुमच्यापुढे पडला."

ओरडा होईल, शिव्या येतील, या तयारीने ती उभी होती. सोनूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पिशवीतून पेन काढलं आणि फोटोचा कागद फाइलवर पालथा घातला.

"नाव काय तुझं?"

"रुचिरा."

"पुरं सांग. न्हाय, सांगू नको. लिही. तू काय केलं ते लिही आन् खाली नाव लिही."

"मावशी, मी आत जाऊन दुरुस्तीचा अर्ज..."

"तुमच्या आतलं मला काय दिसत नाय. हितं लिही."

रुचिरा कागद घेऊन काउंटरवर वाकली. पेन जुनं होतं, पहिल्यांदा नुसतेच ओरखडे उठले. तिने तीन ओळी लिहिल्या, पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली. सोनूबाईंनी ते रिसेप्शनवरच्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग कागद घडी न घालता फाइलीत ठेवला आणि फाइल मांडीखाली दाबून त्या बसल्या.

"आभार मानीन असं वाटलं का तुला?"

"नाही."

"ह्म्. जा, काम कर."

सुबोध सर दहाच मिनिटांत सर्व्हरच्या खोलीत आले. मुलीने सांगितलं असावं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि आवाज चढला होता.

"तुला कळतंय तू काय केलंस? तिच्या हातात लिहून दिलंस?"

"हो."

"वेडी आहेस का यार तू?"

"दुरुस्तीच्या अर्जावर तुमची सही लागेल, सर. अर्ज इथे टेबलावर ठेवलाय. आणि चारला होणार नाही."

"काय होणार नाही?"

"अपग्रेड. आधी मी पूर्ण पहिली फेरी बाहेर उतरवतेय, साधे फोटो, साधे फॉर्म. सात वाजतील. त्यानंतर चढवते."

"या वस्तीचे किती फॉर्म चढवले होतेस तू?"

"सहाशेच्या वर."

दारातल्या काचेपलीकडे बाकावर सोनूबाई ताठ बसल्या होत्या, दोघांकडे रोखून बघत. सुबोध सरांनी एकदा तिकडे पाहिलं.

"सोमवारी तुझं काय ते बघतो," ते म्हणाले, आणि टेबलावरचा अर्ज उचलून घेऊन गेले. सही करायला की फाडायला, ते रुचिराला समजलं नाही.

तिने बाहेरची डिस्क जोडली. फाइली उतरू लागल्या. मग शेजारच्या स्क्रीनवर एका बाजूला तक्ता आणि दुसऱ्या बाजूला फोटो लावून तिने ११४८ उघडला. दाराला कुलूप होतं आणि तक्त्यातही बंदच होतं. तिने समोर बरोबरची खूण केली आणि ११४९ उघडला.