नऊ हजार पावलं

अकरा चाळीसला रितिकाचा फोन आला तेव्हा मी गांधीबागेतल्या दुकानात अस्तराचं कापड मोजत होतो. मंगळवार होता. गिऱ्हाइकाला सात मीटर हवं होतं, चार मोजून झालं होतं.

"बाबा, आई खुर्चीवरून उठली अन् पडली. बोलून नाई राहिली."

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा गोपिका, माझी बायको, गेलेली होती. सत्तेचाळीस वर्षांची. डॉक्टर तरुण होता. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असावी, म्हणाला, ती सुटून फुप्फुसात गेली. तासन् तास बसणाऱ्यांना असं होऊ शकतं.

"बसून काम करायच्या का त्या?" त्याने विचारलं.

"सॉफ्टवेअर कंपनीत होती," मी म्हणालो. "घरूनच करायची."

"पण आई चालायची," रितिका मध्येच बोलली. ती आमची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. ती पण याच कामात. दिवाळीला पुण्याहून आली होती. तिने आईचा मोबाईल उघडून डॉक्टरसमोर धरला. "हे पाहा ना. रोज नऊ हजार पावलं. एक दिवस चुकला नाई."

डॉक्टरने पाहिलं. "मग सांगणं कठीण आहे," म्हणाला.

ती पावलं माझी होती.

दीड वर्षापूर्वी कंपनीने सगळ्यांना पावलं मोजणारा, मनगटावर बांधायचा पट्टा दिला होता. बसून काम करणाऱ्यांनी रोज चालावं म्हणून. सहा-सहा जणांचे गट केले, आणि कोणता गट मागे पडला ते दर सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवायचे. गोपिका तिच्या गटाची प्रमुख. सकाळी नऊला खुर्चीवर बसली की रात्री आठपर्यंत उठणं नाही, जेवणाचं ताट पण टेबलावरच. तिची पावलं हजार-अकराशे भरायची. पहिले दोन सोमवार तिचा गट शेवटी आला. ती त्या दोन्ही दिवशी नीट जेवली नाही.

मी रोज सकाळी साडेपाचला फिरायला जातो. तिसऱ्या सोमवारी निघालो तर ती पट्टा घेऊन दारात उभी.

"तुम्ही तं जाऊनच राहिले. हा पण न्या."

"तुझ्या कंपनीले समजलं तं?"

"पट्ट्याले काय समजते, हात कोणाचा आहे ते."

पट्टा जांभळा होता. माझ्यासोबत फिरणारे चंपतराव कोपऱ्यावरच थांबले. "काहून गा, वहिनीची बांगडी घालून आला का?"

"तुम्ही पण घाला. घरात शांती राहते."

मी सातपर्यंत परत यायचो. पट्टा तिच्या हातावर जायचा. आम्हाला दोघांनाही यात काही वाईट दिसलं नाही. रांगेत एकाच्या जागी दुसऱ्याने उभं राहावं, तेवढंच वाटलं.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी तिची डावी पोटरी दुखायला लागली. थोडी सुजली पण. तिने कंपनीच्या फोनवरच्या डॉक्टरला सांगितलं. त्याच्यासमोर पट्ट्याचे आकडे होते. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही एवढं चालता, स्नायू थकले आहेत. चालणं कमी करा, पाय वर ठेवून आराम करा.

फोन ठेवल्यावर आम्ही दोघंही हसलो. "चालले तुम्ही अन् थकले माझे पाय," ती म्हणाली. मी स्टूल आणून दिला. त्यावर पाय ठेवून ती आणखीच बसली. रात्री मी तेल लावून पोटरी चोळून द्यायचो. अशी सुजलेली पोटरी चोळायची नसते, आतली गाठ सुटू शकते, हे मला नंतर समजलं.

आता मार्च चालू आहे. मी एकटा पडू नये म्हणून रितिका परत गेली नाही. घरूनच काम करते, आईच्याच टेबलावर. आणि मला दिवसभर भीती वाटते. दुकानातून तासातासाला फोन करतो. एकदा तीन फोन केले, तिने उचलला नाही. मी शटर ओढलं आणि ऑटोने घरी आलो. ती कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बोलत होती. मला पाहून ओठावर बोट ठेवलं. मी दारातूनच तिचे पाय पाहिले, दोन्ही सारखे आहेत का ते.

मीटिंग संपल्यावर म्हणालो, "रितू, उठ वं जरा. गच्चीवर दोन चकरा मारून ये."

"काहून?"

"बसून बसून पाय आखडते."

"बाबा, आई रोज नऊ हजार पावलं चालायची. पुण्यात मी मोबाईलवर तिचा आकडा पाहूनच झोपायची. काय झालं चालून? चालणारी गेली, अन् तुम्ही मले चाल म्हणून राहिले."

"तसं नाई ते."

"मग कसं?"

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो.

मागच्या आठवड्यात ती खुर्चीवरून उठताना लंगडली. मुंग्या आल्या, म्हणाली. मला डाव्या पायावरचा मोज्याचा वळ उजव्यापेक्षा खोल दिसला. मी तिला तशीच सदर भागातल्या एका डॉक्टरीण बाईंकडे नेलं.

"मुंग्या आल्या म्हणून दवाखान्यात नेणारे तुम्ही पहिलेच," ती ऑटोत म्हणाली. "उद्या शिंक आली तं आयसीयूत टाकसान."

सोनोग्राफीत काही निघालं नाही.

मग डॉक्टरीण बाईंनी आईची हकिकत विचारली. रितिकाने नऊ हजार सांगितले. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"एवढं चालणं असून गाठ झाली, म्हणजे नुसतं बसणं हे कारण दिसत नाही. रक्तातच दोष असू शकतो. तो आईकडून मुलीत येऊ शकतो. आपण हिच्या तपासण्या करू. वेळ पडली तर रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा पण विचार करू." मग माझ्याकडे वळल्या. "त्यांच्याबद्दल अजून काही सांगण्यासारखं आहे का?"

रितिका पण माझ्याकडे पाहत होती.

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना चंपतरावांना हे सांगितलं. त्यांना सगळं आधीपासून माहीत आहे.

"सांगून टाक गा पोरीले."

"ती विचारन, डॉक्टर फोनवर चुकीचं सांगत होता तवा तुम्ही काय करून राहिले होते. मी हसून राहिलो होतो. उठून पुण्याले गेली तं?"

"अन् इथं बसून राहिली तं?"

त्यानंतर दोन वेळा मी रितिकाच्या टेबलापर्यंत गेलो. एकदा तिचा फोन वाजला. एकदा ती म्हणाली, "काय बाबा?" आणि मी विचारलं, भाजी कोणती करायची.

सोमवारी रक्त दिलं. रिपोर्ट उद्या दुपारी आहे. नसलेल्या दोषासाठी तिला औषध लागेल, की असलेला दोष निघेल, मला माहीत नाही. मी खोटं सांगितलं असल्यामुळे डॉक्टरीण बाईंनाही नीट कळणार नाही. आज मी दुकान उघडलं नाही. रितिका नऊपासून बसली आहे. आता साडेचार झाले, आणि ती दोनदाच उठली.

ती पावलं माझी होती, हे उद्या दुपारच्या आत तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.