किल्लीला रकाना नाही

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, मला पाहून नाक मुरडायचे असेल तर खुशाल मुरडा. एका शिकल्यासवरल्या माणसालाही मी कळले नाही, तिथे तुमची काय कथा!

शिवणकारखान्यात जाणाऱ्या एका बाईने मला विकत आणले. तिचे सासरे विसरभोळे झाले होते. एकटे बाहेर पडले की त्यांना घर सापडत नसे. म्हणून ती सकाळी मला बाहेरून लावते आणि किल्ली शेजारच्या इस्त्रीवालीकडे देते. इस्त्रीवाली दुपारी दार उघडते, म्हाताऱ्याला जेवू घालते, त्याच्याशी पत्ते खेळते आणि मुद्दाम हरते. साऱ्या गल्लीच्या किल्ल्या तिच्याच भिंतीवर टांगलेल्या असतात.

मग आले आकडेसाहेब. कोणत्या भागात एकोपा किती, हे त्यांना मोजायचे होते. जिथे एकोपा जास्त, तिथे म्हाताऱ्यांसाठी दिवसभराचे केंद्र उघडणार होते. बाईने तर सासऱ्यांना केंद्रात जायला नवा सदराही शिवला.

साहेबांनी माझ्यावर पेन आपटले. "दिवसाढवळ्या कुलूप. म्हणजे शेजाऱ्यांवर भरवसा नाही. शून्य गुण."

"अहो, किल्ली माझ्याकडेच असते," इस्त्रीवाली म्हणाली.

"किल्लीला रकाना नाही, ताई. पलीकडच्या भागात बघा, एकाही दाराला कुलूप नाही."

"तिथे माझी बहीण राहते. उंच भिंती आहेत, फाटकात कुत्री आहेत. कुलूप हवंय कशाला? शेजारीण कोण, हेही तिला ठाऊक नाही."

"प्रश्न दोन्हीकडे एकच विचारलाय. तुलना चोख आहे."

चोख म्हणे! उंटावरचा शहाणा! प्रश्न एकच असला तरी दोन भागांत त्याचा अर्थ एकच असतो का, एवढे विचारायला याची जीभ झिजली असती. पायाच कच्चा, आणि वर सरासऱ्यांचे मजले चढवले. भाग ओळीने लावले. आमचा भाग तळाला गेला. केंद्र पलीकडे उघडले.

म्हातारा सगळे विसरला, केंद्र तेवढे विसरला नाही. नवा सदरा घालून तो रोज आतून दार हलवतो. "सूनबाई, निघायचं ना?"

सून तेव्हा कारखान्यात असते. मला त्याची फार दया येते, पण मी उघडू शकत नाही.

मित्रांनो, मला तेल घातले नाही तरी चालेल. पण उद्या कुणाचा एकोपा मोजायला निघालात, तर कुलूप दिसताच आकडा लिहू नका. आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. तेवढेही जमत नसेल तर घरी बसा आणि तुमच्या मोजायच्या फुटपट्टीने पाठ खाजवा.

थांबा, दार पुन्हा हलते आहे. मला घट्ट राहिले पाहिजे.